फियाटचा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत होता, आणि चार महिने आम्ही भलतीकडेच बघत होतो

बाबांची गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसीचं इंजिन, एकच सोलेक्स कार्ब्युरेटर (म्हणजे इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), पुण्यात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात आणि मी पण इथे फियाटच म्हणणार. सहकारनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, चालवायला मी असते आणि शेजारी बसून आवाज ऐकायला ते. या गाडीचा कार्ब्युरेटर जून ते सप्टेंबर ओव्हरफ्लो होत होता, तेवढ्यात तो पाच वेळा उघडला गेला आणि मुख्य दोष त्याच्यात नव्हताच. आकडे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलेले म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरांमध्ये हीच गोष्ट थोड्याफार फरकाने होत असते आणि दर वेळी बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर येते.

लक्षणं अशी होती. सकाळी थंड गाडी अर्ध्या सेल्फला सुरू, काहीही तक्रार नाही. सातारा रोडला लागलं की पण छान पळायची. पण लक्ष्मीनारायण थिएटरच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की आयडलिंग वरखाली व्हायला लागायचं, मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास, आणि मग बंद. बंद पडली की नुसता सेल्फ मारून सुरू होणार नाही, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून बराच वेळ सेल्फ मारला की भसकन काळा धूर सोडून सुरू. प्लग काढले तर चारही काळेकुट्ट आणि ओले. अ‍ॅव्हरेज १२ वरून ७ वर आलेलं. आणि ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटली ती म्हणजे ऑइलची पट्टी, लेव्हल मॅक्सच्या बोटभर वर गेलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास. ऑइल कमी होणं समजतं, पण ऑइल वाढतंय म्हणजे पेट्रोल खाली उतरतंय, आणि पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवत राहिलं तर बेअरिंग जातात. त्या दिवसापासून गाडी उभी केली.

आता मागची हकीकत, ही थोडक्यात सांगते. एप्रिलमध्ये कात्रजचा जुना घाट चढताना बोगद्याच्या अलीकडे गाडी फटफट करून बंद पडली, अर्धा तास बॉनेट उघडं ठेवल्यावर सुरू झाली. एका गॅरेजने सांगितलं व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, आणि मे मध्ये मागे टाकीजवळ १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवून दिला. पुढचा मूळचा पंप, म्हणजे इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा (लवचिक पडद्याचा), ज्याला मिस्त्री लोक एसी पंप म्हणतात, तो पण तसाच लाइनमध्ये ठेवला. त्यानंतर हलका वास यायला लागला, अ‍ॅव्हरेज थोडं पडलं. जूनमध्ये दुसऱ्या गॅरेजने कार्ब्युरेटर उघडून नवीन किट टाकलं आणि तिथून खरा ओव्हरफ्लो सुरू झाला. मग फ्लोट वाकवून झाला (फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरच्या चेंबरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, लेव्हल वर आली की तो निडल व्हॉल्व्हची सुई ढकलून पेट्रोल बंद करतो), परत साफ करून झाला, मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, लहान टाकून झाला. एका ओळखीच्यांनी सांगितलं की पुण्याची उंची मुंबईपेक्षा जास्त म्हणून रिच चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ते तत्त्व खरं आहे, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ, पण त्याने मिश्रण फार तर तीनेक टक्के रिच होतं, प्लग ओले होत नाहीत. आणि गाडी एकोणचाळीस वर्षं याच उंचीवर आहे, उंची काय जूनमध्ये वाढली नाही ना.

हे सगळे उपाय दोन-दोन दिवस लागू पडल्यासारखे वाटायचे, हेच सगळ्यात फसवं होतं. फ्लोट खाली वाकवला की लेव्हल थोडी उतरते, सिग्नलला दोनाऐवजी चार मिनिटं टिकते आणि आपल्याला वाटतं की रस्ता बरोबर आहे, अजून थोडं वाकवू.

शेवटी बाबांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रींना फोन केला, बिबवेवाडीला त्यांचं छोटं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो पण फियाट म्हटल्यावर काका स्वतः आले. बॉनेट उघडून त्यांनी पाच मिनिटं कशालाच हात लावला नाही. मग म्हणाले, "ताई, कार्ब्युरेटर आता परत उघडायचा नाही. उघडून उघडून स्क्रूची घरं गेलीत त्याची. आधी बघू पेट्रोल येतंय किती जोरात."

हे एक वाक्य जूनमध्ये कोणी बोललं असतं तर.

गाडी आम्ही त्यांच्या गॅरेजच्या मोकळ्या जागेत नेली, बिल्डिंगखाली नाही. दोन किलोचं पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर शेजारी, बॅटरी फक्त लागेल तेव्हाच जोडायची, आणि काकांनी मुलाला सांगून विडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला लांब पाठवलं. गरम इंजिनावर पेट्रोल टपकतंय अशा गाडीशी काम करतोय हे क्षणभर सुद्धा विसरायचं नाही.

पहिली टेस्ट अगदी साधी. एअर फिल्टर काढला आणि इंजिन आयडलवर चालू ठेवून टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघितलं. आयडलला पेट्रोल खालच्या आयडल सर्किटमधून जातं, वरचा मेन नोझल कोरडा पाहिजे. आमच्याकडे सुरुवातीला कोरडा होता, तिसऱ्या मिनिटाला त्याच्या तोंडाशी थेंब धरला आणि मग टप टप सुरू. म्हणजे चेंबरमधली लेव्हल नोझलच्या वर चढतेय, निडल व्हॉल्व्ह पेट्रोल अडवू शकत नाहीये. आता का अडवू शकत नाही याची दोनच मोठी उत्तरं आहेत, एकतर व्हॉल्व्ह-फ्लोट खराब किंवा त्याच्यावर येणारा जोर जास्त. आणि जोरात पळताना त्रास का नव्हता ते पण इथेच कळलं, आयडलला इंजिन मिनिटाला जेमतेम १२-१५ मिली पेट्रोल पितं, व्हॉल्व्ह त्याहून जास्त गळू देत असेल तर चेंबर भरतच जाणार, पळताना इंजिन पाच-सात पट पितं त्यामुळे गळती पिऊन टाकते.

दुसरी टेस्ट, इलेक्ट्रिक पंपाचा फ्यूज काढला आणि नुसत्या एसी पंपावर गाडी चालू ठेवली. दहा मिनिटं. नोझल कोरडा. आयडलिंग घड्याळासारखं. बाबा खुर्चीवर बसलेले ते उठून उभे राहिले. फ्यूज परत लावला, तीन मिनिटांत थेंब. परत काढला, बंद. काकांनी हे तीनदा केलं, मी म्हटलं काका कळलं आता, तर म्हणाले, "एकदा झालं तर योगायोग असतो, तीनदा बघायचं."

तिसरी टेस्ट गेज, म्हणजे प्रेशर मोजायचं मीटर. हे मी आधीच आणून ठेवलेलं, भोसरीला एका इन्स्ट्रुमेंटवाल्याकडून ० ते १५ पीएसआयचं, म्हणजे साधारण ० ते १ किलोचं. इथे एक गोष्ट महत्त्वाची, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी मिळतं ते ० ते १०० चं गेज याला घेऊ नये, कारण तिथे प्रेशर ४० च्या वर असतं आणि आपलं सगळं काम ५ च्या आत चालतं, काटा जागचा हलल्यासारखाही दिसत नाही. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावला, तिन्ही टोकांना क्लिप, आणि लांब नळी घेऊन गेज वायपरखाली काचेवर टेपने चिकटवलं म्हणजे गाडी चालवताना पण दिसेल.

वहीतले आकडे: नुसता एसी पंप, आयडलला २.७५ पीएसआय, रेस दिल्यावर ३. नुसता इलेक्ट्रिक पंप, इंजिन बंद, चावी ऑन, ५.५. दोन्ही एकत्र, ५.५.

मला वाटलेलं दोन्हींची बेरीज होईल, आठच्या पुढे जाईल, मी तर गेज पुरेल का विचार करत होते. बेरीज का होत नाही ते समजायला मला घरी येऊन कागदावर पंपाचं चित्र काढावं लागलं. एसी पंपात कॅमचा लिव्हर डायफ्राम फक्त खाली ओढतो, वर ढकलायचं काम आतली स्प्रिंग करते, त्यामुळे तो पंप प्रेशर किती देणार हे पूर्णपणे त्या स्प्रिंगवर ठरतं. इंजिन किती फिरतंय यावर ते फारसं अवलंबून नाही. निडल बंद झाली की डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता मोकळा हलत राहतो, इतकी सुंदर रचना आहे ती, रेग्युलेटर वेगळा लागतच नाही. आता मागून कोणी ५.५ ने पेट्रोल ढकलत असेल तर २.७५ वाल्या स्प्रिंगचं काय चालणार, डायफ्राम खाली दाबलेलाच राहतो, दोन्ही व्हॉल्व्ह उघडतात आणि पेट्रोल सरळ आरपार कार्ब्युरेटरला जातं. म्हणजे पुढचा पंप असून नसल्यासारखा, दोघांतला जो जास्त जोराचा त्याचंच प्रेशर.

आणि यात अजून एक धोका होता जो मला कोणीच सांगितला नव्हता. एसी पंपाच्या डायफ्रामच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला इंजिनच्या ऑइलची जागा. जुना डायफ्राम फाटला तर एरवी पंपच बंद पडतो, गाडी थांबते, फार नुकसान नाही. पण मागे इलेक्ट्रिक पंप चालू असेल तर तो फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल सरळ इंजिनच्या ऑइलमध्ये भरत राहील आणि गाडी चालत राहील, कळणारही नाही. आमच्या ऑइलमधलं पेट्रोल यातून आलंय का हे बघायला काकांनी पंप उतरवला, खालची बाजू कोरडी होती, डायफ्राम शाबूत. म्हणजे आमचं पेट्रोल सिलिंडरमधूनच धुऊन खाली गेलं होतं. तरी डायफ्राम किट बदलून घेतलं कारण पंप हातात होताच. पंप आणि ब्लॉकच्या मधला जाड स्पेसर आणि त्याची पॅकिंग तेवढ्याच जाडीची परत बसवली, जाडी बदलली तर लिव्हरचा स्ट्रोक बदलतो.

इलेक्ट्रिक पंपाची वायर थेट इग्निशनवरून घेतलेली होती, म्हणजे उद्या कुठे धडकली आणि इंजिन बंद पडलं तरी चावी ऑन आहे तोवर पंप पेट्रोल ओतत राहणार. ज्यांना इलेक्ट्रिक पंप ठेवायचाच असेल त्यांनी रेग्युलेटर लावावा, ऑइल प्रेशर गेलं की करंट तोडणारा स्विच लावावा आणि पुढचा पंप काढून त्या जागी प्लेट लावून टाकावी. दोन्ही एका लाइनीत ठेवणं मला आता अजिबात पटत नाही.

पण मग काकांना मी विचारलं की मे मध्ये पंप लावला आणि खरा ओव्हरफ्लो जूनमध्ये का. याचं उत्तर बाबांच्या डब्यात होतं. बाबा गाडीचा कुठलाही काढलेला पार्ट फेकत नाहीत, बिस्किटाच्या जुन्या डब्यात तारीख लिहून ठेवतात. त्यात जूनमध्ये काढलेला निडल व्हॉल्व्ह होता. त्याच्या सीटवर बारीक १.५ ठोकलेलं, म्हणजे भोक १.५ मिमी. किटमधून जो नवीन आलेला त्याच्यावर २.०. अर्धा मिलिमीटरचा फरक, ऐकायला काही वाटत नाही, पण निडलला खाली ढकलणारा जोर म्हणजे प्रेशर गुणिले भोकाचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. मी हिशोब केला. २.७५ पीएसआय आणि १.५ मिमी, साधारण ३.४ ग्रॅम. ५.५ आणि १.५, ६.८ ग्रॅम. ५.५ आणि २.०, १२ ग्रॅम. म्हणजे मूळच्या साडेतीन पट जोर त्या बिचाऱ्या फ्लोटने पेलायचा. फ्लोटला जास्त जोर कुठून मिळणार, जास्त बुडून, म्हणजे लेव्हल वर चढल्यावर. आमच्या फ्लोटची पट्टी मोजली तर बिजागरीपासून निडल आणि फ्लोटच्या मध्याचं अंतर साधारण एकास दोन होतं, फ्लोटचा पृष्ठभाग ९ चौरस सेंटिमीटरच्या आसपास, पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ३.४ ग्रॅमला फ्लोट अडीच मिलिमीटर जास्त बुडावा लागतो आणि १२ ग्रॅमला नऊ मिलिमीटर. साडेसहा मिलिमीटर लेव्हल वर! नोझलचं तोंड लेव्हलच्या वर असतंच मुळी थोडे मिलिमीटर. हा आकडा कागदावर आला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, कारण तोपर्यंत ते सगळं नशिबासारखं वाटत होतं, आज चालते उद्या नाही.

म्हणजे मे मध्ये प्रेशर दुप्पट झालं ते जुन्या लहान व्हॉल्व्हने कसंबसं पेललं, नुसता वास आला. जूनमध्ये मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह आला आणि तोल गेला. किट देणाऱ्याचं सुद्धा मी फार चुकलं म्हणणार नाही, २.७५ ला तो मोठा व्हॉल्व्ह चालून गेला असता. फियाटचे पार्ट आता मिळतात तेच घ्यावे लागतात, मुंबईत काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सी होत्या तोवर पार्टची ददात नव्हती, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि त्याबरोबर मागणी पण. नाना पेठेत चार दुकानं फिरून मला १.५ चा व्हॉल्व्ह मिळाला, तेही दुकानदाराने तीन पाकिटं फोडून दाखवली म्हणून. पाकिटावर फक्त 'फियाट' लिहिलेलं असतं, सीटवरचा आकडा स्वतः डोळ्याने बघून घ्यायचा.

व्हॉल्व्ह बसवताना खालचा वायसर पण मोजला. किटमधला वायसर जुन्यापेक्षा अर्धा मिलिमीटर पातळ होता, आणि पट्टी एकास दोन असल्यामुळे तिथला अर्धा मिलिमीटर म्हणजे लेव्हलला एक. जुन्या जाडीचाच टाकला. मधल्या काळात वाकवलेली फ्लोटची पट्टी सरळ केली. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला, छिद्र असेल तर आतली हवा तापून बुडबुडे येतात, नाही आले. झाकण उलटं धरून, फ्लोट स्वतःच्या वजनाने निडलवर टेकलेला असताना इनलेटमधून तोंडाने हलकं फुंकलं, हवा गेली नाही. कंप्रेसरने फुंकायचं नाही, तिथे हवा किती जोरात येते ते बघा, चांगला व्हॉल्व्ह सुद्धा खराब होईल. मेन जेट पण परत मूळचा टाकला, कारण तो लहान जेट म्हणजे खोकल्यावर तोंड बांधण्यासारखं होतं, घाटात गाडी ओढायची बंद झालेली.

इलेक्ट्रिक पंप काढला. मग प्रश्न उरला, की तो लावलाच होता घाटात बंद पडते म्हणून, आता ती परत बंद पडणार नाही कशावरून? काकांच्या डोक्यात हे आधीपासून होतं, कारण नुसत्या एसी पंपावर गेजचा काटा २.७५ दाखवत असला तरी बारीक थरथरत होता. ते म्हणाले प्रेशर आहे पण माल येतोय का बघू. कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, चेंबरमध्ये होतं तेवढ्या पेट्रोलवर इंजिन आयडलला चालू ठेवलं आणि ३० सेकंद मोजले. ९० मिली, आणि त्यात सोड्यासारखे बुडबुडे. इंजिनला घाटात पूर्ण जोर लागला तर साधारण ८० मिली तर लागतंच तेवढ्या वेळात, म्हणजे थंड असताना कसंबसं काठावर आणि गरम झालं की संपलं.

हवा कुठून येतेय ते शोधत मागे गेलो तर टाकीच्या तोंडाला दीड वीत रबराची जुनी नळी, वरून चांगली, वाकवल्यावर आतल्या बाजूला चिरा. पंप तिथून पेट्रोल ओढतो, ढकलत नाही, त्यामुळे बाहेर थेंबही गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, म्हणून कोणाला दिसली नाही. इलेक्ट्रिक पंप बसवणाऱ्याने त्या नळीच्या पुढची लाइन कापून पंप जोडलेला, नळी तशीच. नवीन पंपाच्या जोराखाली हा दोष झाकला गेला इतकंच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९८६ च्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही, कडक होतं, चिरा पडतात, म्हणून सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या नळ्यांचं मानक) छापलेल्या घेतल्या. परत मोजलं, ३० सेकंदात २७० मिली, एकही बुडबुडा नाही, काटा स्थिर. एप्रिलमधलं ते व्हेपर लॉक म्हणजे मुळात ही दीड वीत नळी होती.

इथे आम्हाला वाटलं झालं. आठ दिवस गाडी मस्त चालली. मग एके दिवशी मार्केट यार्डला बाबांसाठी आंबेमोहोर घ्यायला गेले, दहा मिनिटं गाडी बंद केली, परत आले तर पेट्रोलचा वास आणि सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ. आयडलला ओव्हरफ्लो नाही, पण गरम बंद केल्यावर मात्र आहे. माझा जीव खाली-वर, परत तेच सुरू झालं का.

गेज अजून काढलं नव्हतं म्हणून वाचले. इंजिन पूर्ण गरम करून बंद केलं आणि नुसतं काट्याकडे बघत बसले. बंद करताना २.७५. दोन मिनिटांत ३.५. पाच मिनिटांत ४.५. पंप बंद, इंजिन बंद, आणि प्रेशर वाढतंय! घशात बघितलं तर नोझलला थेंब. कारण असं की पंपाचा बाहेरचा व्हॉल्व्ह आणि इकडची निडल यांच्यामध्ये पेट्रोल कोंडलेलं असतं, इंजिन बंद झाल्यावर पंखा थांबतो आणि बॉनेटखाली उष्णता साठते, पेट्रोल १० अंशाला साधारण एक टक्का फुगतं, जायला जागा नाही म्हणून प्रेशर चढतं आणि शेवटी निडलला ढकलून चेंबरमध्ये शिरतं. पुढच्या वेळी बंद केल्याकेल्या टी सैल करून ते प्रेशर बाटलीत सोडून बघितलं, थेंब कमी झाले पण पूर्ण थांबले नाहीत. म्हणजे उरलेला भाग चेंबरमधलंच पेट्रोल तापून उकळण्याचा, पेट्रोलचा हलका भाग चाळीस अंशाच्या आसपासच उकळायला लागतो.

काकांना फोन केला, त्यांनी फोनवरच विचारलं, "कार्ब्युरेटरच्या स्टडचे आटे नटाच्या वर किती दिसतात?" मी बघितलं, बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त. "मग खालची बेकेलाइटची पट्टी कोणीतरी खाल्लीय." कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड स्पेसर असायला पाहिजे, तिथे नुसती पातळ कागदी पॅकिंग होती. पाच वेळा काढला-घातला त्यात कधीतरी तुटला असेल, सांगितलं कोणी नाही. तो जुन्या बाजारात रविवारी मिळाला, कडा सपाट आहेत ना ते काचेवर ठेवून तपासून घेतला. दोन्हीकडून नवीन पॅकिंग, नट एकदम एका बाजूने न आवळता आळीपाळीने. आणि पंपापासून वर येणारी लाइन इंजिनला टेकून जात होती ती लांब घेऊन तिच्यावर उष्णतारोधक स्लीव्ह घातलं.

परत गरम करून बंद केलं आणि काटा बघितला. पाच मिनिटांनी ३.२५, दहा मिनिटांनी ३, नोझल कोरडा. याने भागलं नसतं तर कार्ब्युरेटरच्या जवळून टाकीकडे एक बारीक रिटर्न लाइन टाकायची होती, मिलिमीटरभर भोकाची, म्हणजे कोंडलेलं प्रेशर तिकडून निघून जातं. सध्या गरज पडलेली नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दीड वाजता मुद्दाम निघालो, ऊन बरोब्बर डोक्यावर असताना. बाबा, मी आणि मागे मिस्त्री काका. कात्रजचा जुना घाट दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे एसटी असल्यामुळे सावकाश, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती. काचेवरचा काटा ३ ला, मध्ये एका वळणावर २.५ झाला आणि परत वर आला. बोगद्याच्या अलीकडे एप्रिलमध्ये जिथे बंद पडलेली तिथेच कडेला घेऊन बंद केली. बाबांनी घड्याळ लावून पंधरा मिनिटं मोजली, तेवढ्यात काकांनी आणलेला चहा झाला. मग बाबा म्हणाले, मी मारतो सेल्फ. अर्ध्या सेल्फला सुरू.

घरी आल्यावर टी आणि गेज काढून टाकलं, लाइनीत जेवढे जोड जास्त तेवढ्या गळायच्या जागा जास्त. ऑइल एव्हाना दोनदा बदललेलं, पहिलं लगेच आणि दुसरं तीनशे किलोमीटरनंतर. कालची पट्टी मॅक्सच्या किंचित खाली, वास नाही, अ‍ॅव्हरेज साडेअकरा. २.० लिहिलेला व्हॉल्व्ह बाबांनी तारीख घालून बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय, आणि चिठ्ठीवर लिहिलंय, 'वापरू नये, भोक मोठे'.